दोन ध्रुवांच्या समुद्री बर्फाची बेरीज करावी का?

होकायंत्र (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.१५

आमच्या निवृत्त अभियंत्यांच्या गटात गेल्या आठवड्यात एक जुना संदेश पुन्हा फिरू लागला. उत्तर ध्रुवाजवळचे समुद्री बर्फ घटले असले तरी सप्टेंबर २०१४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फाने उच्चांक गाठला होता, त्यामुळे दोन्हींची बेरीज केली तर पृथ्वीवरचे बर्फ होते तेवढेच आहे, असा त्याचा आशय होता. संदेश पाठवणारे गृहस्थ माझे जुने स्नेही आहेत आणि त्यांनी तो मनापासून पाठवला होता. म्हणून 'हे चूक आहे' एवढेच न लिहिता मी आकडे घेऊन बसलो.

अमेरिकेतील कोलोरॅडो येथील 'नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर' ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या सूक्ष्मलहरींवरून रोजचे बर्फक्षेत्र काढते आणि ते कोणालाही उतरवून घेता येते. १९७९ पासूनच्या दोन्ही मालिका मी वेगवेगळ्या मांडल्या. उत्तरेची रेषा वर-खाली होत होत एकंदरीत उतरतच जाते. सप्टेंबरमधील नीचांक १९८० च्या आसपास ७० लाख चौरस किलोमीटरच्या जवळपास असे. २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला, म्हणजे जेमतेम आपल्या देशाच्या क्षेत्रफळाएवढा. दक्षिणेची रेषा मात्र पस्तीस वर्षे संथपणे चढते, २०१४ मध्ये प्रथमच २ कोटी चौरस किलोमीटर ओलांडते आणि २०१६ च्या अखेरीस एकाएकी कोसळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे १८ लाखांहूनही कमी बर्फ उरले होते.

माझे प्रश्न दोन आहेत. एकाच पृथ्वीवर, एकाच तापत्या हवेखाली, ही दोन बर्फे इतकी वेगळी का वागली? आणि ती इतकी वेगळी असतील, तर त्यांची बेरीज करण्याला काही अर्थ आहे का?

नवशिका | रात्री ९.४०

चांगला विषय आहे. एक प्राथमिक शंका विचारतो: येथे 'समुद्री बर्फ' म्हणजे हिमनग समजायचे का?

भूगोलवाली | रात्री ९.५८

नवशिका, ही शंका विचारलीत ते बरे झाले, कारण निम्मे गैरसमज येथेच सुरू होतात. मी २८ वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि वर्गात दर वर्षी हाच गोंधळ पाहिला. समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचे पाणी जागेवरच गोठून तयार झालेले बर्फ. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते, आणि गोठताना बहुतेक मीठ खालच्या पाण्यात सोडून देते. हिमनग हा जमिनीवरच्या हिमनदीचा किंवा हिमचादरीचा तुटून समुद्रात आलेला तुकडा असतो. तो मुळात पावसाच्याच कुळातला, म्हणजे गोड्या पाण्याचा. पेल्यातला बर्फाचा खडा विरघळला तरी पाणी पेल्याबाहेर सांडत नाही, तसे तरंगते समुद्री बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पातळी वाढवते ते जमिनीवरचे बर्फ. अंटार्क्टिकाची हिमचादर २००२ पासूनच्या गुरुत्वमापक उपग्रहांच्या नोंदीनुसार सरासरीने दर वर्षी १०० अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावते आहे, आणि विशेष म्हणजे भोवतालचे समुद्री बर्फ वाढत होते त्या वर्षांतही ती ते गमावतच होती. होकायंत्र यांच्या स्नेह्यांच्या संदेशात 'पृथ्वीवरचे बर्फ' असे शब्द आहेत, ते म्हणूनच मला सर्वांत आधी खटकले.

तांडेल | रात्री १०.२०

शास्त्र जाणकार सांगतीलच. मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. व्यापारी जहाजांवर असताना चार हिवाळे आमची फेरी फिनलंडच्या आखातातून सेंट पीटर्सबर्गला असे. ते आखात आर्क्टिकमध्ये येत नाही, पण तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेल्या पाण्यातले बर्फ कसे वागते ते तेथे चांगले कळते. बर्फफोड्या जहाजाच्या मागे ओळीने चालायचे, पुढच्या जहाजाने केलेली वाट मिटायच्या आत आपण त्यातून निघायचे, असा तो प्रवास असतो. बर्फ नुसते जाड असले तर वेळ लागतो एवढेच. खरी भीती वारा किनाऱ्याकडे फिरण्याची असते. पसरायला जागा नसल्यामुळे बर्फ एकमेकांवर चढू लागते, शेताच्या बांधासारखे लांबच लांब उंचवटे तयार होतात, आणि त्या उंचवट्यांखाली, पाण्याच्या आत, त्यांच्या कित्येक पट खोल बर्फ असते. त्या दाबाखाली जहाजाचे पत्रे करकरताना ऐकले की रात्रभर झोप लागत नाही.

पहिल्या थंडीत समुद्र गोठू लागतो तेव्हा आधी पाण्यावर तेलकट साय धरते आणि मग लाटांनी तिच्या गोल चकत्या होतात. एकमेकींवर आपटून त्यांच्या कडा उचलल्या जातात. पुस्तकांत त्यांना पॅनकेक बर्फ म्हणतात. आमच्या मालवणकडचा माणूस ते पाहील तर घावनेच म्हणेल.

हिमानी_र | सोमवार, सकाळी ७.३०

तांडेलकाका, तुम्ही धाग्याच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देऊन टाकले आहे. मी समुद्रविज्ञानाची विद्यार्थिनी आहे, म्हणून उरलेले थोडे सविस्तर लिहिते.

आर्क्टिक हा जमिनीने वेढलेला महासागर आहे आणि अंटार्क्टिका हे महासागराने वेढलेले खंड आहे. शाळेत हे वाक्य आपण सगळेच पाठ करतो, पण दोन्ही बर्फांचा सारा स्वभाव त्यातूनच निघतो. आर्क्टिकमधल्या बर्फाला सायबेरिया, अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंड यांनी अडवलेले असते. बाहेर पडण्याची मोठी वाट एकच, ग्रीनलंड आणि नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह यांच्यामधली फ्रामची सामुद्रधुनी. त्यामुळे पूर्वी तेथले पुष्कळ बर्फ उन्हाळा ओलांडून पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाड होत असे, अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्यूफोर्ट भोवऱ्यात वर्षानुवर्षे फिरत राही आणि तीन-चार मीटरपर्यंत वाढे. हे बहुवर्षीय बर्फ म्हणजे आर्क्टिकची जुनी ठेव होती. आज तिचा मोठा भाग संपला आहे आणि तेथेही बहुतांश बर्फ एका हिवाळ्याचे, पातळ झाले आहे.

अंटार्क्टिकाभोवती अशी ठेव फारशी कधीच नव्हती. तेथे बर्फाला बाहेरून भिंत नाही. हिवाळ्यात ते उत्तरेकडे मोकळ्या समुद्रात पसरत जाते, कोमट पाणी आणि लाटा भेटतात तेथे संपते, आणि उन्हाळ्यात जवळजवळ सगळे वितळते. १९८१ ते २०१० ची सरासरी घेतली तर दक्षिणेत सप्टेंबरमध्ये सुमारे १८७ लाख चौरस किलोमीटर आणि फेब्रुवारीत सुमारे २८ लाख बर्फ असे. उत्तरेत मार्चमध्ये सुमारे १५६ लाख आणि सप्टेंबरमध्ये सुमारे ६२ लाख. दक्षिणेकडचे बर्फ दर वर्षी जवळजवळ नव्याने जन्मते, असे म्हटले तरी चालेल. ते बहुतांशी एक मीटरच्या आसपासच जाड असते, आणि त्यावर पडणारे हिम इतके भारी होते की बर्फ पाण्याखाली दबते, वर समुद्राचे पाणी चढते आणि ते ओले हिम पुन्हा गोठते. बर्फ खालून जाड होते तसे वरूनही जाड होण्याचा हा प्रकार उत्तरेपेक्षा तेथे कितीतरी अधिक आढळतो.

म्हणून आर्क्टिकचे बर्फ प्रामुख्याने तापमानाच्या तालावर चालते आणि अंटार्क्टिकचे वाऱ्याच्या व समुद्राच्या. उत्तरेत एकदा बर्फ हटले की उघडे काळे पाणी ऊन शोषून घेते. हिमाच्छादित बर्फ आठ-नऊ दशांश ऊन परत पाठवते, तर पाणी एक दशांशही पाठवत नाही. त्या शोषलेल्या उष्णतेने पुढच्या हिवाळ्यातले गोठणे लांबते. १९७९ पासून आर्क्टिक उर्वरित जगाच्या सरासरीच्या तीन ते चार पट वेगाने तापला आहे आणि सप्टेंबरमधले त्याचे बर्फ १९८१ ते २०१० च्या सरासरीच्या तुलनेत दर दशकाला सुमारे १२ टक्के घटले आहे.

वाचनवेडी | सकाळी ८.१०

सुंदर प्रतिसाद, हिमानीताई. पण मग दक्षिणेत २०१४ पर्यंत बर्फ वाढले का? ओझोनच्या छिद्रामुळे वाढले, असे मी कोठेतरी वाचले होते.

हिमानी_र | सकाळी ९.०५

ओझोनचे उत्तर पूर्वी बरेच मांडले जात असे. ओझोन कमी झाल्याने अंटार्क्टिकाभोवतीचे पश्चिमी, म्हणजे पश्चिमेकडून वाहणारे, वारे उन्हाळ्यात तीव्र झाले आणि दक्षिणेकडे सरकले, एवढे भक्कमपणे सिद्ध आहे. दक्षिण गोलार्धात पृष्ठजल वाऱ्याच्या डावीकडे वळते, म्हणजे पश्चिमी वाऱ्याखाली उत्तरेकडे सरकते, आणि थंड पाणी व बर्फ बाहेर पसरते. मात्र याच वाऱ्यांनी खालचे तुलनेने कोमट पाणीही पुढे वर ओढले जाते. म्हणून ओझोनच्या घटीचा परिणाम घेऊन चालवलेल्या बहुतेक हवामान प्रारूपांत (म्हणजे हवामानाच्या संगणकीय नमुन्यांत) बर्फ शेवटी घटलेलेच दिसते. वाढीचे श्रेय एकट्या ओझोनला देता येत नाही.

वाढ सगळीकडे सारखी नव्हती, हेही ध्यानात घ्या. रॉस समुद्रात बर्फ वाढत होते, तर त्याच काळात अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, बेलिंग्सहाउझेन समुद्रात, ते घटत होते. या दोन समुद्रांच्या मध्ये अमुंडसेन समुद्रावर एक कमी दाबाचे क्षेत्र ठाण मांडून असते. दक्षिण गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. त्यामुळे त्याच्या पूर्वेला उत्तरेकडचे उबदार वारे द्वीपकल्पाकडे येतात आणि पश्चिमेला खंडावरचे थंड वारे रॉस समुद्रातले बर्फ बाहेर ढकलतात. हा कमी दाब खोल झाला की एका बाजूचे बर्फ मागे हटते आणि दुसऱ्या बाजूचे पुढे सरते. आपण ज्याला 'अंटार्क्टिकची वाढ' म्हणत होतो ती अशा परस्परविरोधी बदलांची वजावट होती, आणि तीही दर दशकाला १ ते २ टक्क्यांची.

दक्षिणायन | दुपारी १.१५

मी भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत एक पूर्ण हिवाळा 'भारती' तळावर काढला आहे, तंत्रज्ञ म्हणून. हा तळ २०१२ पासून लार्समन टेकड्यांत, अगदी समुद्रकाठी आहे. आपला दुसरा तळ 'मैत्री' १९८९ पासून चालू आहे, पण तो किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत असल्यामुळे तेथून समुद्र दिसत नाही.

भारतीसमोर दोन प्रकारचे समुद्री बर्फ असते. एक किनाऱ्याला आणि बेटांना घट्ट धरून राहिलेले, ज्यावर योग्य जाडी मोजून वाहन नेता येते, आणि त्यापलीकडचे सुटे, वाहते बर्फ. आमच्या हिवाळ्यात एका हिमवादळाने दोन दिवस सगळ्यांना आत कोंडून ठेवले. वादळ ओसरल्यावर बाहेर पाहिले तर क्षितिजाजवळच्या ढगांच्या पोटावर काळसर पट्टा उमटला होता. जुन्या सहकाऱ्याने सांगितले की ती खालच्या उघड्या पाण्याची छाया आहे. बर्फावरचे ढग पांढुरके दिसतात आणि पाण्यावरचे काळवंडतात. दोन दिवसांपूर्वी तेथे बर्फ होते. थंडी तीच होती, तापमान उणे वीसच्याही खाली होते, तरी वाऱ्याने ते उचलून नेले होते. हिमानीताईंनी वाऱ्याविषयी लिहिलेले वाचताना तो काळा पट्टा पुन्हा डोळ्यांसमोर आला.

रोखठोक | दुपारी ४.४०

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला दोन आक्षेप नोंदवायचे आहेत आणि त्यांची उत्तरे सरळ मिळावीत अशी अपेक्षा आहे.

पहिला: आर्क्टिकचा सप्टेंबरमधील नीचांक २०१२ चा आहे आणि त्यानंतर इतकी वर्षे तो मोडलेला नाही. २०२० मध्ये बर्फ त्याच्या जवळ आले, पण खाली गेले नाही. मग 'सतत घट' असे आपण कसे म्हणतो? दुसरा: दक्षिणेत बर्फ वाढत असताना हवामान प्रारूपे ते घटेल असे दाखवत होती. ज्यांचे अनुमान पस्तीस वर्षे जुळले नाही, त्यांच्यावर आता विश्वास का ठेवायचा? मी तापमानवाढ नाकारणाऱ्यांपैकी नाही. पण ज्या गोष्टी जुळत नाहीत त्या मोकळेपणाने बोलल्या जात नाहीत, म्हणूनच होकायंत्र यांच्या स्नेह्यांसारखे लोक अशा संदेशांकडे वळतात, असे माझे मत आहे.

होकायंत्र | सायंकाळी ६.०५

रोखठोक, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो. माझ्या स्नेह्यांनीही मला हेच ऐकवले: 'दक्षिणेचे तुम्ही लोक कधी सांगतच नव्हता.'

हिमानी_र | रात्री ८.५०

रोखठोक, दोन्ही आक्षेप रास्त आहेत.

२०१२ चा नीचांक अजून टिकून आहे हे खरे आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका प्रबळ वादळाने आधीच विरळ झालेले बर्फ विस्कटून टाकले होते, म्हणजे ते वर्ष घसरत्या रेषेच्याही बरेच खाली गेलेले होते. त्यानंतरच्या वर्षांत घट मंदावली. वारे आणि सागरी प्रवाह यांचे नैसर्गिक चढउतार दहा-पंधरा वर्षे मूळ कल झाकू शकतात. पण तुलना कशाशी करतो ते महत्त्वाचे आहे. २००७ पासूनचा एकही सप्टेंबर नव्वदच्या दशकातल्या कोणत्याही सप्टेंबरच्या पातळीवर परतलेला नाही. हिवाळ्याकडे पाहिले तर मार्च २०२५ मधील वार्षिक उच्चांक सुमारे १४३ लाख होता, आणि उपग्रहनोंदीतला तो तोवरचा सर्वांत कमी हिवाळी उच्चांक होता. शिवाय आपण येथे क्षेत्राविषयीच बोलत आहोत. ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ आहे तो अख्खा चौकोन 'बर्फाचा' म्हणून मोजला जातो. तीन मीटरचे बर्फ जाऊन दीड मीटरचे आले तरी हा आकडा हलत नाही. जाडी मोजणारे उपग्रह, २०१० पासूनचा क्रायोसॅट-२ आणि २०१८ पासूनचा आइससॅट-२, म्हणूनच इतके मोलाचे आहेत.

दुसऱ्या आक्षेपाला माझे उत्तर असे की होय, प्रारूपे दक्षिणेत चुकली. आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या सहाव्या अहवालात अंटार्क्टिकच्या बर्फाच्या भविष्याविषयी आत्मविश्वास कमी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याच अहवालात आर्क्टिकविषयी मात्र २०५० पूर्वी किमान एकदा तरी सप्टेंबरात बर्फ १० लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाण्याची शक्यता असल्याचे म्हटले आहे. शास्त्रज्ञांना दोन्ही ध्रुवांविषयी सारखीच खात्री आहे असे कोणी भासवत असेल तर ते चूक आहे.

ध्रुवतारा | मंगळवार, रात्री १२.३५

मी नोकरीनिमित्त नॉर्वेत ट्रॉम्सो येथे राहते. दोन वर्षांपूर्वी स्वालबार्डला जाऊन आले. नी-आलेसुन्न या वस्तीत २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे आणि शेजारच्या कोंग्सफ्योर्डच्या (फ्योर्ड म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा) पाण्यात भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये 'इंडआर्क' नावाचा मापनसंच बुडवून ठेवला. तेथे वर्षानुवर्षे येणाऱ्यांनी सांगितले की पूर्वी तो फ्योर्ड हिवाळ्यात गोठत असे आणि लोक त्यावरून ये-जा करत. २००६ च्या सुमारापासून तो पूर्वीसारखा गोठत नाही, कारण अटलांटिकचे कोमट पाणी किनाऱ्याजवळून आत शिरते. मी गेले ती मार्चची अखेर होती, हवा बोचरी थंड होती, आणि समोर निळे पाणी हलत होते. आर्क्टिकमध्ये उष्णता फक्त वरून येत नाही, खालूनही येते, हे मला त्या काठावर उभे राहून कळले.

वाचनवेडी | मंगळवार, सकाळी १०.२०

ध्रुवतारा, फ्रामच्या सामुद्रधुनीवरून मला त्या नावाचे जहाज आठवले. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी 'फ्राम' हे जहाज १८९३ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला मुद्दाम बर्फात गोठू दिले. बर्फ स्वतःच आपल्याला आर्क्टिकच्या पलीकडे नेईल असा त्यांचा विश्वास होता. १८९६ मध्ये जहाज स्वालबार्डमधल्या स्पिट्सबर्गन बेटाजवळ सुखरूप मोकळे झाले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'पोलारस्टर्न' या जर्मन संशोधन नौकेने तसाच प्रयोग केला, आणि तिला धरून ठेवलेला बर्फाचा तुकडा पुढच्या जुलैअखेरीसच फ्रामच्या सामुद्रधुनीत येऊन फुटला. दोघांच्या सुरुवातीच्या जागा वेगळ्या होत्या हे खरे, पण पातळ बर्फ वाऱ्याबरोबर अधिक वेगाने वाहते.

दक्षिणेची कथा ब्रिटिश ध्रुवसंशोधक शॅकल्टन यांच्या 'एन्ड्युरन्स' या जहाजाची. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात जानेवारी १९१५ मध्ये ते जहाज अडकले, बर्फाने त्याला महिनोन्महिने चिरडले, आणि नोव्हेंबरात ते बुडाले. मार्च २०२२ मध्ये ते सुमारे ३,००० मीटर खोलीवर सापडले. वेडेल समुद्रातही जमिनीमुळे आणि भोवऱ्यामुळे बर्फ अडते, म्हणून दक्षिणेतले जे थोडे बहुवर्षीय बर्फ आहे त्यातले बरेचसे तेथेच सापडते. म्हणजे दक्षिणेतही एक कोपरा उत्तरेसारखा आहे, असे म्हणता येईल ना, हिमानीताई?

हिमानी_र | सकाळी ११.००

अगदी बरोबर. त्याच समुद्राच्या काठावर नवे बर्फ सतत तयार होते, त्यातून सुटलेले मीठ पाण्याला जड करते, आणि ते जड पाणी तळाशी जाऊन जगातल्या महासागरांच्या तळावर पसरते. बर्फाचे क्षेत्र हे केवळ पांढऱ्या रंगाचे मोजमाप नाही, ते यासाठीही महत्त्वाचे आहे.

नवशिका | दुपारी १२.१५

२०१६ नंतर दक्षिणेत नेमके काय झाले? होकायंत्र यांनी 'कोसळली' हा शब्द वापरला आहे.

हिमानी_र | रात्री ९.२०

शब्द योग्य आहे. २०१६ च्या वसंतात, म्हणजे आपल्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात, पश्चिमी वारे अचानक दुबळे पडले, उत्तरेकडून उबदार हवा अनेक ठिकाणी आत शिरली आणि बर्फ विलक्षण वेगाने मागे हटले. तेवढ्यावर थांबले असते तर एक वाईट वर्ष म्हणून सोडून देता आले असते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्फ प्रथमच २० लाखांच्या खाली गेले, २०२३ मध्ये आणखी खाली, आणि सप्टेंबर २०२३ चा हिवाळी उच्चांक जेमतेम १७० लाखांपर्यंत पोहोचला. १९८६ मधल्या त्याआधीच्या सर्वांत कमी हिवाळी उच्चांकाहून तो सुमारे १० लाखांनी कमी होता. तीन महाराष्ट्रांएवढे बर्फ त्या हिवाळ्यात गोठलेच नाही.

अंटार्क्टिकाभोवती थंड, कमी खारे पाणी वर आणि कोमट, अधिक खारे पाणी खाली अशी रचना असते. वरचा थर झाकणाचे काम करतो. 'आर्गो' या समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मापक तरंग्यांच्या नोंदींत २०१५ च्या सुमारापासून पृष्ठभागाखालचे पाणी तापलेले दिसते, आणि ती उष्णता वर येत असल्याचे अनेक संशोधक मानतात. हा बदल कायमचा आहे की काही दशकांच्या चढउताराचा भाग आहे, यावर त्यांच्यात मतभेद आहेत.

दक्षिणायन | रात्री १०.००

बर्फावर जगणाऱ्यांना कायमचे की तात्पुरते याची वाट पाहता येत नाही. सम्राट पेंग्विन किनाऱ्याला धरून राहिलेल्या बर्फावर पिल्ले वाढवतात. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींखालचे बर्फ पिल्लांना जलरोधक पिसे येण्याआधीच फुटले, आणि त्या वसाहतींत एकही पिल्लू वाचले नसावे असे उपग्रहचित्रांवरून दिसले. मी त्या पक्ष्यांना जवळून पाहिले आहे. तो वृत्तांत वाचून त्या रात्री मला जेवण गेले नाही.

भूगोलवाली | बुधवार, सकाळी ८.३०

दुसऱ्या प्रश्नाकडे, बेरजेकडे, कोणी वळलेच नाही. होकायंत्र, तुम्ही ती करून पाहिलीत का?

होकायंत्र | सायंकाळी ७.१०

हो, माई, केली. आधी संदेशातला दावा निव्वळ अंकगणितावर तपासला. १९७९ ते २०१४ या काळात उत्तरेतले वार्षिक सरासरी बर्फ दर वर्षी ढोबळमानाने ५० हजार चौरस किलोमीटरने घटत होते आणि दक्षिणेतले २० हजारांच्या आसपास वाढत होते. म्हणजे दक्षिणेची वाढ उत्तरेची अर्धीही तूट भरून काढत नव्हती. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्हींची दैनिक बेरीज उपग्रहनोंदीतल्या तोवरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेली. बेरीज करा म्हणणाऱ्यांनी आता ही बेरीजही मान्य करायला हवी.

तरीही मला ती बेरीज आवडली नाही. फेब्रुवारीतली बेरीज म्हणजे दक्षिणेचा उन्हाळा अधिक उत्तरेचा हिवाळा. दक्षिणेचा वार्षिक चढउतार इतका मोठा आहे की बेरजेची रेषा जवळजवळ तिच्याच तालावर नाचते आणि आर्क्टिकची घट तिच्यात शोधावी लागते.

हिमानी_र | रात्री ८.००

माझे म्हणणे याच दिशेने आहे, त्यात सूर्य मिळवते. सप्टेंबरात आर्क्टिकचे बर्फ सर्वांत कमी असते, पण तोवर तेथला सूर्य मावळतीला लागलेला असतो; जूनमधली घट उष्णतेच्या दृष्टीने अधिक महाग पडते. दक्षिणेत बर्फाची कड ध्रुवापासून पुष्कळ दूर, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास असते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तिच्यावर भरपूर ऊन पडते. म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथे हरवलेला एक चौरस किलोमीटर आणि सप्टेंबरात उत्तर ध्रुवाजवळ हरवलेला एक चौरस किलोमीटर यांची किंमत सारखी नाही. पृथ्वीने एकूण किती ऊन परत पाठवले हा प्रश्न असेल तर बेरीज करावी, पण महिन्यामहिन्याच्या उन्हाचे वजन लावून करावी. बर्फ का बदलते हे समजून घ्यायचे असेल तर बेरीज करू नये.

रोखठोक | रात्री ८.४५

हे उत्तर मला मान्य आहे. प्रारूपांविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण त्याचे उत्तर तुम्ही टाळले नाहीत याबद्दल आभार.

तांडेल | रात्री ९.३०

मी हा धागा माझ्या नातीला वाचून दाखवला. ती सातवीत आहे. ऐकून म्हणाली, 'आजोबा, वरच्या बर्फाला भिंती आहेत आणि खालच्या बर्फाच्या पोटातच जमीन आहे, असेच ना?' मी हो म्हणालो. मग तिने विचारले की आपल्या पावसाला यातले कोणते बर्फ लागते. त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

हिमानी_र | रात्री १०.१५

नातीला सांगा की गोव्यात वास्को येथे 'नॅशनल सेंटर फॉर पोलर अँड ओशन रिसर्च' नावाची संस्था आहे आणि तेथील शास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर काम केले आहे. सायबेरियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असते तेव्हा मोसमाच्या शेवटी, सप्टेंबरात, मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढण्याचा संबंध त्यांना दिसला. दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यांनी वरच्या हवेतल्या लहरींच्या मार्गाने हा दुवा कसा जुळू शकतो ते मांडले आहे, आणि त्यावर अजून काम चालू आहे.

होकायंत्र | गुरुवार, सकाळी ७.४५

काल रात्री मी स्नेह्यांना दोन वेगळे आलेख पाठवले, एका कागदावर, एकाखाली एक, आणि सोबत लिहिले की २०१४ चा दक्षिणेतला उच्चांक खरा होता, तो कोणी लपवायला नको होता, आणि त्यानंतरची दहा वर्षेही तितकीच खरी आहेत. सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी फार वाद घातला नाही. दक्षिणेची रेषा २०१६ मध्ये जेथे तुटल्यासारखी दिसते तेथे बोट ठेवून ते बराच वेळ बसले होते, असे म्हणाले, आणि त्या वर्षाचे नोव्हेंबरचे रोजचे आकडे स्वतः पाहायला मागितले. ते आता त्यांना पाठवत आहे.